चार चाकांची हवा, दोन कुलपांत

हवा फुकट मिळते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा कोटेशनकाकांना भेटावं.

काका एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागात आहेत. टाचणी घ्यायची असो की तिजोरी, तीन दुकानदारांकडून भाव मागवायचे, ते बंद लिफाफ्यात घ्यायचे, चारचौघांसमोर फोडायचे आणि ज्याचा भाव कमी त्याच्याकडून माल उचलायचा, हे काम त्यांनी इतकी वर्षं इतक्या निष्ठेने केलं आहे की ती सवय त्यांच्याबरोबर संध्याकाळी घरी यायला लागली आणि पुढे घरातच राहिली. त्यांच्याकडे झाडूसुद्धा तीन कोटेशनांशिवाय येत नाही. एका वर्षी छत्रीचं तिसरं कोटेशन हातात पडलं तेव्हा पाऊस संपून थंडी सुरू झाली होती. काकांनी छत्री घेतलीच, कारण एकदा सुरू केलेली प्रक्रिया मधे सोडता येत नाही. बिल्डिंगमधल्या लोकांनी मग त्यांचं खरं नाव टाकून दिलं आणि काकांनीही ते परत मागितलं नाही.

अशा माणसाने आयुष्यात एकच वस्तू कोटेशन न मागवता घेतली, ती म्हणजे जीप. कचेरीतल्या एका जुन्या सहकाऱ्याकडे ते चहाला गेले होते. अंगणात ती उभी होती. हिरवी, उंच, चारही चाकांना ताकद पोचवणारी, रस्ता नसेल तिथेही जाणारी. काकांनी तिच्या बॉनेटवर हात ठेवला, तो बराच वेळ उचलला नाही, आणि घरी येताना ते बसने आले नाहीत.

काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी खाली पाहिलं.

"ही कुणाची?"

"आपली," काका म्हणाले.

"किती कोटेशनं मागवलीत?"

काकांनी आरसा पुसायला घेतला. जन्मभर ज्याने कचेरीसाठी स्वस्तातलं आणि घरासाठी त्याहून स्वस्तातलं घेतलं, त्या माणसाचा पहिल्यांदाच एखाद्या वस्तूवर जीव जडला होता, आणि हे बायकोला सांगायचं कसं ते काही त्यांना सुचत नव्हतं.

काकू भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अट घातली. "एक सहल. आपण दोघांनी समुद्रावर जायचं, गाडी वाळूत चालवायची आणि ह्याच गाडीने घरी यायचं. ढकलायला, ओढायला, मदतीला म्हणून कुणाला बोलवायचं नाही. जमलं तर गाडी राहील. नाही जमलं तर विकायची."

"मान्य," काका म्हणाले. मग काकू म्हणाल्या, "आणि मला चालवायला द्याल का?" काकूंकडे लायसन्स होतं, काकांच्याही आधीपासूनचं, आणि त्या ते मुदत संपायच्या आत नेमाने नवं करून आणत. काका म्हणाले, "हिचा गियर जरा कडक आहे." काकूंनी उरलेले कपडे वाळत घातले.

आता वाळूत गाडी चालवायची तर एक अडचण असते, आणि ती जीप विकणाऱ्याने काकांना पैसे खिशात गेल्यावर सांगितली. चाकं टणक असली की वाळूत रुततात. म्हणून वाळूत उतरण्याआधी चाकांतली हवा निम्म्यावर आणायची. टायर पसरतो आणि गाडी वाळूवरून अलगद जाते. पण परत डांबरी रस्त्यावर यायचं तर हवा पुन्हा भरायला हवी, नाहीतर मऊ टायर तापतो आणि फाटतो. समुद्रावर हवा भरून द्यायला कुणी बसलेलं नसतं. आपला पंप आपण न्यायचा, गाडीच्या बॅटरीवर चालणारा.

झालं. काकांना खरेदी करायला विषय मिळाला.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं पायाने मारायचा पंप घ्या, पोट कमी होईल. कुणी म्हणालं हवा सोडताच कशाला, म्हणजे भरायला नको. तळमजल्यावर ज्यांचा दवाखाना होता ते दातवाले डॉक्टर मात्र या विषयातले अधिकारी निघाले. "मला विचारा," ते म्हणाले. "माझी खुर्ची हवेवर, ड्रिल हवेवर. पंप घेताना एका मिनिटाला हवा किती देतो ते बघा. आकडा नुसता दाबाचा मोठा लिहितात, त्याला भुलू नका. आणि गाडीच्या लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा घेऊ नका. थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या." सल्ला अगदी योग्य होता. पण तो फुकट मिळाल्यामुळे काकांनी त्याला फारशी किंमत दिली नाही.

सोसायटीचे सेक्रेटरीही जिन्यात भेटले. सगळ्या पार्किंगमध्ये सावलीची जागा एकच, आणि ती काकांच्या वाट्याची. इतकी वर्षं ती रिकामी होती आणि तिथे सेक्रेटरींची स्कूटर आडवी झोपत असे. जीप आल्यापासून स्कूटर उन्हात होती. "जीप किती दिवस ठेवणार आहात?" त्यांनी प्रेमाने विचारलं.

काका तीन दुकानांत गेले. पहिला दुकानदार म्हणाला, "काका, भाव डब्यावरच छापलाय."

"तो लिफाफ्यात घालून द्या."

"अहो, पण तुम्ही बघितलात ना?"

"मी बघितला नाही असं समजा."

लिफाफे घरी आले. जेवणाच्या टेबलावर काकू आणि डॉक्टर यांच्या साक्षीने ते फोडण्यात आले. सर्वांत कमी भाव एका पिवळ्या, गोजिरवाण्या पंपाचा होता. त्यावर दाबाचा आकडा एवढा मोठा छापला होता की त्यात विमानाचं चाकसुद्धा बसलं असतं. डॉक्टरांनी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि कपाळाला हात लावला. पण नियम म्हणजे नियम. पिवळा पंप आला, आणि तो लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा होता.

रविवारी सकाळी चाचणी झाली. पुढच्या डाव्या चाकातली थोडी हवा काकांनी मुद्दाम सोडली आणि पंप सुरू केला. पंप कंठ फुटलेल्या पोरासारखा ओरडत होता, पण काटा जागचा हलत नव्हता. बघायला आलेले लोक चहा पिऊन परत आले तरी काटा तिथेच. मग काकांनी ठरवलं की आधी मागचं चाक बघू. वायर मागच्या चाकापर्यंत पोचेना. काकांनी जीप सुरू केली, अंगणात वळवली आणि तोंड दुसरीकडे करून लावली. खाली उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मागचं चाक जीपबरोबर वळलं आहे. गॅलऱ्यांमधून पाहणाऱ्यांच्या हे त्यांच्याआधी लक्षात आलं होतं, पण शेजारधर्म म्हणून कुणी बोललं नव्हतं. इतक्यात सॉकेटमधून जळका वास आला, फ्यूज उडाला आणि त्याच फ्यूजवर चालणारा हॉर्नही गेला. वायपर मधेच उभा राहून थांबला. पुढचे काही दिवस काका गल्लीतून जाताना खिडकीतून हात बाहेर काढून "बाजूला, बाजूला" असं म्हणत जात.

दुसरा पंप काकांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून, कोटेशन न मागवता, 'तातडीची बाब' म्हणून घेतला. हा काळा, बसका आणि वजनदार होता. लाल आणि काळा चिमटा बॅटरीला लावायचा, इंजिन चालूच ठेवायचं, म्हणजे बॅटरी उतरत नाही. लांब नळी चारही चाकांना पोचायची. थोडा वेळ चालला की तो तापायचा आणि आपणहून बंद पडायचा. मग तितकाच वेळ त्याला विश्रांती द्यावी लागे. काकांना हे फार पटलं. त्यांच्या कचेरीत सगळे असेच चालत.

आणि तो खरोखर हवा भरत होता. बघता बघता चाक उभं राहिलं. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी स्टेपनीतली हवा सोडली आणि पुन्हा भरली.

इथे काकांची चूक झाली. चांगला पंप ही गोष्ट गुपचूप ठेवायची असते. पण काका जो भेटेल त्याला सांगत सुटले आणि लोक यायला लागले. आधी सायकली आल्या, मग स्कूटरी, मग फुटबॉल. कुणाकडे पाहुणे आले म्हणून हवेच्या गाद्या आल्या. वाढदिवसाचे फुगे आले. एका बाईंनी पियानोतली धूळ उडवून मागितली. पियानो खाली आणणं शक्य नव्हतं म्हणून तो प्रश्न तात्पुरता मागे ठेवण्यात आला. काका कुणालाही नाही म्हणत नसत. खरेदी विभागात आजवर लोक त्यांच्याकडे यायचे ते "अजून आलं नाही का?" असं विचारायला. आता लोक काहीतरी घेऊन येत आणि समाधानाने परत जात. "कौतुकाने माणूस फुगतो आणि पंप झिजतो," असं काकू म्हणाल्या, पण तेव्हा इंजिन चालू होतं.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी आल्या. त्यांच्या बेसिनची नळी तुंबली होती.

पंपाला बारा व्होल्टची बॅटरी लागते आणि जीप जिन्याने चढत नाही. डॉक्टरांनी दवाखान्याच्या इन्व्हर्टरची बॅटरी काढून दिली. ती त्यांनी आणि काकांनी धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर नेली. बेसिनच्या भोकात पंपाची नळी नीट बसेना, तेव्हा डॉक्टरांनी दाताचं माप घ्यायचा गुलाबी मसाला कालवून आणला आणि भोक असं लिंपलं की हवेला वर यायला फट राहिली नाही. "आता जे काही जाईल ते खालीच जाईल," ते अभिमानाने म्हणाले. ते खरं ठरलं. आतून घुसमटल्यासारखा आवाज आला, मग काहीतरी सुटलं, आणि मावशींच्या नळीत अनेक वर्षं साठलेला ऐवज एका झटक्यात पहिल्या मजल्यावर उतरला. पहिल्या मजल्यावर सेक्रेटरी त्यांच्या बेसिनवर वाकून दाढी करत होते.

ते वर आले तेव्हा त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर साबण होता आणि उरलेल्या अर्ध्यावर मावशींच्या घरचं बरंच काही होतं. ते काही बोलले नाहीत. बोलायला तोंड उघडणं त्या क्षणी त्यांना सुरक्षित वाटलं नसावं. मावशी मात्र नळ सोडून बघत होत्या आणि म्हणत होत्या, "काय छान पाणी जातंय हो."

सोसायटीची सभा बोलावण्यात आली. विषय एकच होता: घातक यंत्राचा बंदोबस्त. सेक्रेटरींचं म्हणणं, यंत्र सोसायटीच्या ताब्यात द्यावं आणि ते ज्या गाडीसाठी आणलं ती गाडी अंगणातून हलवावी. डॉक्टर म्हणाले, "पण नळी मोकळी झाली हे सभेने लक्षात घ्यावं." सभेने ते लक्षात घेतलं आणि विषय पुढे चालू ठेवला.

काका उठले. "माझ्या पैशाचा पंप, आणि ताबा तुमचा? कचेरीत माझ्या सहीने तिजोऱ्या येतात. माझ्यावर आजवर कुणी अविश्वास दाखवला नाही." बोलता बोलता त्यांना तिजोरी आठवली आणि तिच्यापाठोपाठ तोडगाही सुचला. कचेरीच्या तिजोरीला दोन कुलपं असतात. एक किल्ली एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघे मिळून आल्याशिवाय ती उघडत नाही, म्हणून कुणी कुणावर संशय घेत नाही. पंपालाही तसंच करावं. जीपच्या मागच्या भागात लोखंडी पेटी बसवावी, तिला दोन कुलपं घालावीत, एक किल्ली काकांकडे आणि दुसरी सेक्रेटरींकडे. नियमही त्यांनी जागच्या जागी सांगितला: किल्ली कुणीही दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, पेटी उघडताना दोघांनी जातीने हजर राहायचं.

सभा थक्क झाली. सेक्रेटरींनासुद्धा नाही म्हणायला कारण सापडेना, आणि तिजोरीची किल्ली आपल्याकडे असण्यात जो मान असतो तो त्यांना दिसायला लागला होता. काकांनी वेल्डरकडून स्वतः उभं राहून पेटी करून घेतली. पत्रा जाड, बिजागऱ्या आतून, कुलपं पोलादी, करवत लागू नये अशी. अशी पेटी त्यांनी कचेरीसाठीही घेतली नव्हती.

"पंप आपला, गाडी आपली, आणि किल्ली त्यांच्याकडे?" काकूंनी विचारलं.

"ह्याला संयुक्त ताबा म्हणतात. तिजोरीचा असाच असतो."

"तिजोरी घेऊन कुणी सहलीला जातं का?"

काकांनी बायकांना कचेरीतलं कळत नाही अशा अर्थाचं हसून घेतलं आणि हा प्रश्न तिथेच राहिला.

सहलीचा दिवस उजाडला. काकांनी दोर घेतला, फावडं घेतलं, पाण्याचे डबे, थर्मास, सॅंडविच घेतले, हवा मोजायचं मीटर घेतलं. निघताना त्यांनी खिसा चाचपला. पेटीची किल्ली जागेवर होती. कचेरीत दुसरी किल्लीवाला माणूस नेहमी पलीकडच्या टेबलावर बसलेला असे, तेव्हा आपली किल्ली जवळ असली की झालं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. सेक्रेटरी गॅलरीत उभे होते. त्यांनी हात हलवला. काकांनीही हलवला.

समुद्र फार सुंदर होता. लांबच लांब वाळू आणि माणूस एकही नाही. काकांनी डांबरी रस्त्याच्या टोकाला जीप थांबवली, चाकाचाकाशी बसून मीटर लावलं आणि हवा निम्म्यावर आणली. चारही चाकं पोट सोडून बसली. मग जीप वाळूत उतरली आणि खरोखर रुतली नाही. लोण्यातून सुरी जावी तशी ती गेली. काका हसत होते. काकूही, नाही नाही म्हणत, हसत होत्या. पाण्याच्या काठाने दोन-चार फेऱ्या झाल्यावर काका म्हणाले, "चला, आता हवा भरू आणि घरी. अट पूर्ण."

ते मागे गेले, खिशातली किल्ली काढली आणि पहिलं कुलूप उघडलं. मग दुसऱ्या कुलपाकडे बघत उभे राहिले.

बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून काकू मागे आल्या. त्यांनी कुलूप पाहिलं, काकांचं तोंड पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. हसू आवरायला की राग, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

काकांनी फावड्याने प्रयत्न केला. फावडं वाकलं. दगडाने प्रयत्न केला, दगडाचा टवका उडाला. त्या अवस्थेतही आपण किती उत्तम पेटी करून घेतली आहे हे त्यांना जाणवल्यावाचून राहिलं नाही. मऊ चाकांवर रस्त्याने जायची सोय नव्हती. जवळचा पेट्रोल पंप येईपर्यंत चाकांच्या चिंध्या झाल्या असत्या.

"मग?" काकू म्हणाल्या.

"सेक्रेटरींना फोन करावा लागेल."

अट दोघांनाही पाठ होती. काकूंनी थर्मासमधून चहा ओतून दिला आणि काका तो न पिता वाळूच्या टेकाडाकडे निघाले, कारण खाली फोनला रेंज नव्हती. चढता चढता त्यांनी एकदा वळून पाहिलं. हिरवी जीप पाण्याच्या कडेला उभी होती. त्यांना रडू आलं असतं, पण चढ होता आणि दम लागला होता.

फोनवर सेक्रेटरींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अरेरे," ते म्हणाले. काका म्हणाले, "किल्ली कुणाबरोबर तरी पाठवा." सेक्रेटरी म्हणाले, "तसं कसं? किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. मी जातीने हजर राहायला हवं. नियम तुमचाच आहे." आणि ते स्कूटर काढून निघाले. इतक्या आनंदाने ते बायकोच्या माहेरीही कधी निघाले नसतील.

काका टेकाडावरच बसून राहिले. समुद्राला भरती लागते हे त्यांना माहीत होतं, पण मनात जीप विकल्यावर अंगण कसं दिसेल याचं चित्र चाललं होतं, त्यामुळे पाणी किती पुढे आलं आहे तिकडे लक्ष गेलं नाही. लक्ष गेलं ते जीपचा आवाज आला तेव्हा. लाटा मागच्या चाकांना शिवत होत्या आणि जीप सुरू झाली होती. ड्रायव्हरच्या जागेवर काकू होत्या.

"कडक आहे," काका टेकाडावरून ओरडले. "गियर कडक आहे." वारा समुद्राकडून होता. शब्द त्यांचे त्यांनाच परत मिळाले.

जीप एकदा गचकली, मग पाण्यातून निघाली, ओल्या वाळूवरून कोरड्या वाळूवर आली आणि तिथे थांबायला हवी होती. ती थांबली नाही. तिने एक मोठं वळण घेतलं, किनाऱ्याच्या टोकापर्यंत गेली, तिथून वळली आणि टेकाडाच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. काका घसरत खाली आले.

"गियर कडक कुठे आहे?" काकूंनी विचारलं. केस विस्कटले होते, गाल लाल झाले होते.

"मला कडक लागतो," काका म्हणाले.

"मग तुम्ही धरता तसा असेल. बसा."

काका पहिल्यांदाच आपल्या जीपमध्ये शेजारच्या सीटवर बसले. मऊ चाकांवर रस्ता त्यांना बंद होता, पण वाळू सगळी त्यांचीच होती. काकू गाडी चालवत होत्या आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होत्या. "हवा भरली असती ना," त्या मधेच म्हणाल्या, "तर आत्तापर्यंत आपण घरी जाऊन वरणभाताचा कुकर..." मग त्यांनी वाक्य अर्धवट सोडून वळण घेतलं. काकांना वाटलं, ही इतकी खूश शेवटची कधी दिसली होती? त्यांना आठवेना, आणि आठवत नाही याचं वाईट वाटलं.

दूर रस्त्याच्या टोकाला एक ठिपका दिसला. सेक्रेटरी रडारड बघायला आले होते. ती नीट जवळून बघता यावी म्हणून त्यांनी स्कूटर डांबरावर न ठेवता वाळूत घातली. स्कूटरची चाकं टणक होती. ती अर्धी वाळूत गेली आणि सेक्रेटरी दोन्ही पाय टेकून, किल्ली छातीशी धरून उभे राहिले.

काकूंनी जीप त्यांच्यापुढे नेऊन लावली. "दोर द्या हो," त्या काकांना म्हणाल्या. दोर बांधला, जीपने एक हिसका दिला आणि स्कूटर सेक्रेटरींसकट रस्त्यावर आली. सेक्रेटरींनी कपडे झटकले. मदतीला आलेल्या माणसालाच मदत झाल्यावर काय बोलायचं असतं, हे कुणी शिकवत नाही.

पेटी उघडायचा कार्यक्रम यथासांग झाला. काकांनी आपली किल्ली फिरवली, सेक्रेटरींनी आपली. चिमटे बॅटरीला लागले आणि एकेका चाकात हवा जायला लागली. दोन चाकं झाली आणि पंप तापून बंद पडला. त्याच्या विश्रांतीच्या वेळात तिघांनी सॅंडविच खाल्ले. सेक्रेटरींनी समुद्राकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "उरलेल्या दोन चाकांत हवा भरायच्या आधी... म्हणजे नुसतं बघायला म्हणून... एक फेरी होईल का?"

"पुढची दोन भरली आहेत," काका म्हणाले.

"सोडा की पुन्हा," काकू म्हणाल्या. "पंप आहे ना आता."

हवा पुन्हा सोडली. फेरी झाली. सेक्रेटरी मागच्या बाजूला लोखंडी पेटीला मिठी मारून बसले होते आणि प्रत्येक उंचवट्यावर लहान मुलासारखे ओरडत होते. मग चारही चाकं शिस्तीत भरली गेली आणि मंडळी परतली. जीप काकूच चालवत होत्या.

बिल्डिंगच्या अंगणात, सावलीच्या जागेत, जीप उभी राहिली. इंजिन बंद झालं. काका खाली उतरले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांना नियम दाखवलेल्या माणसाला स्वतःसाठी नियम वाकवता येत नाही, ही त्यांची खरी अडचण होती.

"अट मोडली," ते म्हणाले. "मी फोन केला. विकायला हवी."

सेक्रेटरी स्कूटर लावत होते. ते जागच्या जागी थांबले.

"विकायचीच," काकू म्हणाल्या. त्यांनी जीपची किल्ली काढली आणि काकांच्या पुढे केलेल्या हाताकडे लक्ष न देता पर्समध्ये टाकली. "पण रीतसर. घेतलीत तशी मनाला येईल तशी विकायची नाही. तीन गिऱ्हाइकांची कोटेशनं, बंद लिफाफ्यात. तिन्ही आल्याशिवाय एकही फोडायचं नाही. आणि मागवणार मी."

काकांनी नियम तपासून पाहिला. त्यात कुठेही चूक नव्हती.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. दोन लिफाफे आले आहेत आणि ते काकूंच्या कपाटात आहेत. एक काकूंच्या भावाचा आहे, आणि दुसरा, हे बिल्डिंगमध्ये कुणाला सांगायचं नाही, सेक्रेटरींचा. दर रविवारी सकाळी ते पेटीची किल्ली घेऊन अंगणात हजर असतात, जातीने, आणि मागच्या सीटवर बसतात. डॉक्टरही येतात. काका पुढे बसून मीटर सांभाळतात.

"तिसरं कोटेशन आलं का हो?" ते अधूनमधून विचारतात, नियमाला धरून.

"नाही अजून," काकू गियर टाकत म्हणतात. "घाई काय आहे? छत्रीच्या वेळी तुम्ही थांबलाच होतात की."